पाच हजार चारशे बारा पावलं

मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस घरात शांत बसेल, अशी आशा फक्त त्याच्या बायकोने केली होती, आणि तीही पहिल्या आठवड्यापुरतीच. आठव्या दिवशी मोजणीसाहेबांनी स्वयंपाकघराला टेप लावला आणि ओटा एका बाजूला चार मिलिमीटरने कललेला आहे, असं जाहीर केलं. नवव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, बाहेर कुठेतरी जा. पोरांना शिकवा, झाडं मोजा, काय वाटेल ते करा. पण माझ्या ओट्याच्या वाटेला जाऊ नका."

त्यातून उन्हाळी वर्ग निघाला. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, सहा आठवडे, रोज सकाळी नऊ ते अकरा. विषय एकच, नकाशा. मुलांनी टेप धरायचा, पावलं मोजायची, दिशा घ्यायच्या आणि शेवटी आपला भाग स्वतःच्या हाताने कागदावर उतरवायचा. वाचनालयाच्या कमिटीला कल्पना पसंत पडली. "छान आहे," अध्यक्ष म्हणाले, "आपल्या सभासदांच्या मुलांना सुट्टीत काहीतरी उद्योग होईल."

मोजणीसाहेबांचं डोकं फिरलं. "सभासदांच्या मुलांना काय कमी उद्योग आहेत? कुणी पोहायला जातो, कुणी चित्रकलेला, कुणी मामाकडे. ज्यांना कुणी कुठेच पाठवत नाही ती पोरं दोन महिने भिंतीकडे बघत बसतात आणि शाळा उघडते तेव्हा पाढेसुद्धा विसरलेली असतात. वर्ग घ्यायचा तर सगळ्यांच्या मुलांचा घेईन. नाहीतर मी आपला घरी ओटा मोजत बसतो."

वाचनालयाच्या भिंतीवर त्या भागाचा मोठा नकाशा टांगलेला होता. बावीस वर्षांपूर्वी मोजणीसाहेबांनीच केलेला, कोपऱ्यात त्यांची वळणदार सही. त्यांनी तो खाली उतरवला, टेबलावर पसरला, कंपासचं टोक वाचनालयावर रोवलं आणि एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं. "या वर्तुळात राहणारं प्रत्येक मूल. वर्गणी भरलेली असो नसो."

वर्तुळ कालव्याच्या पलीकडे गेलं. पलीकडे धुलाईवाले, गोदामातले हमाल, भंगारवाले असे लोक राहत. अध्यक्षांनी खाकरून घेतलं, पण बोलले काही नाहीत. दोन्ही बाजूंच्या शाळांमधून फॉर्म वाटले गेले. जागा तीस होत्या. पलीकडून आलेली नऊच्या नऊ मुलं घेतली आणि अलीकडची एकवीस. उरलेले अलीकडचे नऊ अर्ज प्रतीक्षा यादीत गेले. पलीकडचे नऊ फॉर्म साहेबांनी घरी नेले आणि जेवताना बायकोला तीनदा सांगितलं की नऊ आले.

आता साहेबांचा स्वभावही सांगायला हवा. माणूस मनाने सरळ, पण वेळेच्या बाबतीत फारच कडक. पहिल्याच दिवशी दारावर त्यांनी हाताने लिहिलेला कागद चिकटवला: नऊ वाजून पाच मिनिटांनी दार बंद होईल, उशीर म्हणजे गैरहजेरी, तीन गैरहजेऱ्या झाल्या की जागा प्रतीक्षा यादीला. मुलांनी त्यांचं नाव 'फूटपट्टी सर' ठेवलं ते पहिल्या तासाभरातच.

सोमवारी नऊ पाचला एकवीस मुलं आत होती आणि दार बंद झालं. सव्वानऊला जिन्यावर पावलं वाजली. बाहेर नऊ मुलं उभी होती, घामाने चिंब झालेली. पुढे अकराएक वर्षांची एक मुलगी होती आणि तिच्या हातात तिच्याहून थोडीच बुटकी अशी काळी, बाप्यांची छत्री. साहेबांनी दारावरच्या कागदाकडे बोट केलं.

"सर, आम्ही लांबून..."

"कालव्यापलीकडून ना?" साहेबांनी तिला जिन्याच्या खिडकीपाशी नेलं. तिथून पायी जायचा लोखंडी पूल स्पष्ट दिसत होता. त्याचं पलीकडचं टोक तेवढं दाट झाडांत बुडालेलं. "तो बघ पूल. तुमच्या वस्तीपासून इथे बरोबर पाचशे ऐंशी मीटर. मी स्वतः मोजलंय. दहा मिनिटं सुद्धा लागत नाहीत."

छत्रीवालीने पुलाकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. खिशाला चार पेनं लावलेला, पांढऱ्या केसांचा माणूस 'मी स्वतः मोजलंय' म्हणतो तेव्हा भल्याभल्यांची बोलती बंद होते, ती तर पोरच होती.

मंगळवारी सव्वानऊला चारच मुलं आली आणि परत गेली. बुधवारी फक्त छत्रीवाली आली, पण आली ती साडेआठलाच. साहेब चावी घेऊन जिना चढले तेव्हा ती वरच्या पायरीवर बसलेली होती. साहेबांना आनंद झाला. "बघ, मनावर घेतलं की जमतं," ते म्हणाले. तिच्या आईची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, हे तिने सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

त्या दिवशी पावलांचा धडा होता. खालच्या व्हरांड्यात खडूने वीस मीटरची रेघ मारली होती आणि प्रत्येकाने तीनदा चालून आपली पावलं मोजायची होती. छत्रीवालीची तिन्ही वेळा छत्तीस भरली. "हे तुझं माप," साहेब म्हणाले. "टेप हरवतो, चोरीला जातो. हे पायातच राहतं. पाऊल मुद्दाम लांब टाकायचं नाही, आखडायचं नाही. जसं पडतं तसं पडू द्यायचं."

"सर, चढावर पाऊल लहान पडतं. मग?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न साहेबांना हाताखालच्या दोनच माणसांनी विचारला होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिला चढाचा हिशेब अर्धा तास समजावून सांगितला. बाकीची मुलं तोवर खडूने एकमेकांना रंगवत होती आणि साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता. गृहपाठ दिला: घरापासून वाचनालयापर्यंत पावलं मोजा आणि आपल्या वाटेचा नकाशा काढून आणा.

गुरुवारी दार लावताना साहेबांनी जिन्यावरून खाली डोकावून पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी दार लावलं. पुढे जिन्यावर पावलं वाजल्यासारखी वाटली, पण टकटक झाली नाही. अकरा वाजता ग्रंथपाल बाई वर आल्या आणि त्यांनी एक घडी केलेला कागद दिला. "ती छत्रीवाली पुस्तकं परत करायच्या पेटीत टाकून गेली. म्हणाली, गृहपाठ आहे."

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर काढलेला नकाशा होता. गोदामांची रांग, मोठ्या रस्त्याचा पूल, दवाखाना, बाजार आणि शेवटी वाचनालय. खाली लिहिलं होतं: ५,४१२ पावलं. साहेब आधी हसले आणि मग चिडले. लोखंडी पूल तिने काढलाच नव्हता. म्हणजे ही सगळी पोरं बाजारातून हिंडत-फिरत येतात तर! उशीर का होतो, ते आता कळलं. त्यांनी लाल पेनाने खाली लिहिलं, "घर ते वाचनालय ५८० मीटर. तुझी पावलं फार तर १,०४४. पुन्हा मोज." कागद बाईंकडे परत गेला आणि दुपारी छत्रीवाली तो घेऊन गेली.

शुक्रवारी तोच कागद पुन्हा पेटीत आला. लाल अक्षरांखाली पेन्सिलने लिहिलेलं होतं: "परत मोजलं. ५,३९०. माझंच चुकत असेल सर."

त्याच दिवशी अध्यक्ष भेटले. "तुमच्या त्या नऊ जणांचं काय झालं? प्रतीक्षा यादीतले पालक रोज माझा जीव खातात. मी आधीच म्हटलं होतं, त्या लोकांना फुकटाची किंमत नसते." म्हटलं काही नव्हतं, फक्त खाकरले होते. ज्यांच्यासाठी भांडलो त्यांनीच तोंडघशी पाडलं, असं साहेबांना वाटलं आणि त्याचं वाईटही वाटलं. हजेरीची वही काखोटीला मारून ते घरी आले.

दुपारी त्यांनी टेबलावर वही उघडली, लाल पेन काढलं आणि नऊ नावांपैकी पहिल्या नावाखाली फूटपट्टी धरली. हा माणूस नावंसुद्धा फूटपट्टीने खोडतो. बायको समोर वाटाणे सोलत होती.

"काय चाललंय?"

"नावं कमी करतोय. नऊच्या नऊ. त्यातली एक पोर हुशार होती गं, पण चक्क थापा मारते. हे बघ." त्यांनी कॅलेंडरचा कागद तिच्याकडे सरकवला. "पाचशे ऐंशी मीटरला पाच हजार पावलं! आणि पुन्हा मोज म्हटलं तरी तेच."

बायकोने हात पुसून कागद पाहिला. "अहो, थाप मारायची असती तर तिने एक हजार चव्वेचाळीसच लिहिलं नसतं का? उत्तर तर तुम्हीच तिच्या हातात ठेवलं होतं."

साहेबांनी कागद परत घेतला. पाच हजार चारशे बारा. पाच हजार तीनशे नव्वद. बावीस पावलांचा फरक. बावीस पावलं म्हणजे बारा मीटर. तीन किलोमीटरच्या मोजणीत बारा मीटरचा फरक! मोजणीची साखळी घेऊन पाठवलेल्या शिकाऊ माणसांकडून साहेबांना एवढं कधी मिळालं नव्हतं. मनाने ठोकून दिलेला आकडा पूर्ण असतो, पाच हजार असतो, सहा हजार असतो. आणि चुकलेली मोजणी दुसऱ्यांदा इतकी जवळ येत नाही. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत आले होते.

फूटपट्टी त्यांनी वहीवरून उचलली.

शनिवारी सकाळी साडेसातला साहेब मोजणीचं चाक घेऊन लोखंडी पुलावर चढले. हे चाक दांड्याला लावलेलं असतं, ते ढकलत चालायचं आणि वरच्या खिडकीत मीटर पडत जातात. निवृत्तीच्या आधीची दहा वर्षं त्यांनी कचेरीतल्या खुर्चीतच काढली होती, त्यामुळे पुलावर पाय ठेवून जमाना झाला होता. पुलाच्या पत्र्याला गंज चढला होता. वाचनालयापासून चारशे पासष्ट मीटर झाले, झाडोरा आला आणि चाक एका लोखंडी फाटकाला जाऊन धडकलं. दोन पुरुष उंचीचं फाटक, त्याला साखळी, साखळीला कुलूप आणि वर कालवा खात्याची पाटी: रहदारीस बंद. पाटीची अक्षरंही पुसट झाली होती. वाचनालयाच्या खिडकीतून यातलं काहीच दिसत नव्हतं. तिथून पूलच तेवढा दिसायचा.

फाटकापलीकडे थोड्या अंतरावर नळ होता. छत्रीवाली तिथे बादली भरत होती आणि एक धाकटा तिच्या फ्रॉकला लोंबकळत होता. तिने साहेबांना पाहिलं आणि नळ तसाच सोडून ती धावत आली.

"सर, इकडून कसे आलात? इथून जाता येत नाही."

"हे फाटक कधी लावलं?"

"मला आठवतं तेव्हापासून आहेच."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस का?"

तिने धाकट्याला काखेत घेतलं. "तुम्ही म्हणालात, तुम्ही मोजलंय. मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत असणार. मग मीच फार हळू चालत असेन, नाहीतर माझी पावलंच बारकी पडत असतील. शुक्रवारी मी पळत मोजणार होते. पण तुम्ही म्हणाला होतात ना, पाऊल जसं पडतं तसं पडू द्यायचं. म्हणून नाही पळाले."

साहेबांनी गज धरले. आयुष्यात त्यांना अनेकांनी खडसावलं होतं, अगदी मंत्र्यांनीसुद्धा, पण असं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. आपले पाय रोज तीन किलोमीटर चालतात हे त्या पोरीला ठाऊक होतं आणि तरी तिने आपल्या पायांपेक्षा त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवला होता.

"तू घरून निघतेस कधी?"

"आई आली की. तिची दवाखान्याच्या लाँड्रीत रात्रपाळी असते. सव्वाआठला येते. मग याला तिच्याकडे देते आणि निघते. बाकीचे पण माझ्यासाठीच थांबायचे."

"आज माझ्यासाठी थांब. मी येतोय."

"इकडे? सर, लांब आहे."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. मग त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं. "नाही. माहीत नाही. म्हणूनच येतोय."

ते उलटे फिरले. बाजार, दवाखाना, मोठा पूल, गोदामं असा वळसा घालून ते तिच्या दारात पोचले तेव्हा पावणेनऊ वाजून गेले होते आणि उजवा गुडघा बोलायला लागला होता. आई कामावरून आली होती, तिच्या हातांना साबणाचा वास होता. तिने पाणी दिलं आणि काळजीने विचारलं, "साहेब, हिने काही केलं का?"

"नाही हो. केलं ते मी," साहेब म्हणाले आणि तिथेच, दारात उभे राहून, त्यांनी चाकावरचा आकडा शून्यावर आणला.

परतीच्या वाटेवर छत्रीवाली ओठांतल्या ओठांत मोजत होती, म्हणून साहेब गप्प राहिले. गोदामांपाशी सावली संपली तेव्हा तिने छत्री उघडली आणि काही न बोलता अर्धी त्यांच्या डोक्यावर धरली. ती हात उंच करून चालत होती, तरी छत्रीच्या काड्या साहेबांच्या कानाला लागत होत्या. मोठ्या पुलावर ते दोनदा टेकले. वाचनालयाच्या पायरीपाशी त्यांनी चाक थांबवलं. तीन हजार अठरा मीटर.

"तुझी किती?"

"पाच हजार चारशे तीस. मधे तुम्ही थांबलात तेव्हा थोडा घोळ झाला."

वर पोचले तेव्हा दहाला वीस मिनिटं कमी होती आणि दार बंद होतं. साहेबांनी टकटक केली. ग्रंथपाल बाईंनी दार फटीएवढं उघडलं आणि कागदाकडे बोट केलं. "साहेब, नऊ पाच. तुम्हीच लिहिलंय. मुलांना मी आत बसवलंय." बाई थट्टा करत नव्हत्या, तो त्यांचा स्वभावच नव्हता. आत एकवीस मुलं मात्र तोंड दाबून हसत होती.

साहेबांनी कागद दारावरून काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. "वर्ग उद्यापासून दहाला," ते म्हणाले. मग उद्या रविवार आहे हे आठवून त्यांनी 'सोमवारपासून' अशी दुरुस्ती केली.

रविवारी छत्रीवालीला बरोबर घेऊन ते पलीकडच्या उरलेल्या आठही घरी गेले आणि प्रत्येक दारात, चूक माझी होती, असं सांगितलं. पाच मुलं सोमवारी आली. तिघांना घरच्यांनी सुट्टीभर परगावी आत्याकडे, मावशीकडे धाडून दिलं होतं, कुणी दुकानात बसायला, कुणी भावंडं सांभाळायला. वर्गात घेत नाहीत म्हटल्यावर घरी ठेवून काय करायचं, असं एकीची आजी म्हणाली. ती तिघं काही परत आली नाहीत. त्यांची नावं साहेबांनी वहीतून खोडली नाहीत, अध्यक्ष दोनदा विचारून गेले तरीही.

मग सोमवारी वर्ग सुटल्यावर साहेब आणि छत्रीवाली कालवा खात्याच्या कचेरीत गेले. कारकुनाने अर्ज वाचला, कपाटातून एक नकाशा काढला आणि समोर पसरला. "पूल तर चालू आहे, साहेब. हे बघा. फाटकबिटक काही नाही. जे फाटक कागदावर नाही ते आम्ही उघडणार कसं? आणि सही तर तुमचीच आहे."

सही त्यांचीच होती. छत्रीवालीने वाकून ती नीट वाचली आणि मग साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"मग करायचं काय?" साहेबांनी विचारलं.

"दुरुस्त नकाशा आणा. फाटक दाखवा, वळसा दाखवा, अंतर लिहा, कोणी मोजलं ते लिहा. फाईल पुढे सरकेल."

फाईल सरकली, पण तिच्या चालीने. फाटक उघडायला पुढे सात आठवडे गेले, म्हणजे तोवर वर्ग संपलेला होता. पण ते सात आठवडे कुणाला ठाऊक होते? त्या आठवड्यात सत्तावीस मुलं टेप, चाक आणि झेंड्या घेऊन कालव्याच्या दोन्ही काठांवर राबत होती. एक तुकडी फाटकाच्या अलीकडे आणि एक पलीकडे, आणि टेपचं टोक गजांमधून या हातातून त्या हातात जायचं. अलीकडच्या मुलांनी पलीकडची वस्ती पहिल्यांदाच पाहिली. त्यातल्या एकाने घरी जाऊन सांगितलं की तिथली पोरं आपल्यापेक्षा तिप्पट चालतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी अध्यक्षांना फोन केला. काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण प्रतीक्षा यादीबद्दल अध्यक्ष त्यानंतर काही बोलले नाहीत.

शनिवारी जुना नकाशा पुन्हा भिंतीवरून उतरला आणि टेबलावर आला. दुरुस्त्या त्याच्यावरच करायच्या आणि मग त्याची नक्कल कचेरीत द्यायची, असं ठरलं होतं. फाटक काढून झालं, वळसा काढून झाला. उरला पुलावरचा आकडा. बावीस वर्षांपूर्वीच्या काळ्या शाईतला, साहेबांच्या हातचा, ५८०.

छत्रीवाली त्याच्यापाशी थांबली. "सर, हा राहू दे का?"

"नको. खोड."

"पण तुमचा आहे."

"म्हणूनच म्हणतोय." त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, फूटपट्टी उचलली आणि दोन्ही तिच्यापुढे धरली. आठ दिवसांपूर्वी हेच पेन आणि हीच फूटपट्टी तिच्या नावावर चालणार होती. साहेबांना ते आठवलं.

तिने फूटपट्टी आकड्यावर नीट बसवली, जीभ दातांत धरली आणि रेघ मारली. वर लिहिलं: वळशाने ३,०१८ मीटर. 'मोजणी कोणी केली' या रकान्यात तिने आधी बाकीच्या सव्वीस जणांची नावं लिहिली आणि शेवटी आपलं लिहिलं. मग पेन परत देता देता ती थांबली.

"सर, माझी पावलं पण लिहू? पाच हजार चारशे बारा?"

"लिही," साहेब म्हणाले. "आणि पाच हजार तीनशे नव्वदही लिही. दोनदा मोजलं असेल तर दोन्ही लिहायचं असतं."